लाल टोपण, केशरी टोपण : एका युनिटाचा शंभर वर्षांचा हिशोब



मागच्या महिन्यात स्थानकात व्याख्यान संपल्यावर एक वहिनी मला बाजूला घेऊन गेल्या. पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढली आणि हळूच म्हणाल्या, "भाभीजी, तुमच्या घरी बरीच वर्षं हे चालू आहे. यावर चाळीस लिहिलंय आणि डॉक्टरांनी वीस घ्यायला सांगितलंय. म्हणजे अर्धी बाटली का हो?"

मला हसू आलं नाही, अंगावर काटा आला. दहा मिलिलिटरच्या त्या बाटलीत चारशे युनिट असतात. अर्धी म्हणजे दोनशे. वहिनींनी अजून सुई हातात घेतली नव्हती, म्हणून बरं. त्यांना सगळं समजावून घरी आले, पण रात्रभर तोच विचार. आपल्या समाजात घरोघरी साखरेचं दुखणं आहे. सुई टोचणाऱ्या हातांत आपलेच हात जास्त. आणि हे युनिट म्हणजे काय, ते कुठून आलं, हे आपल्याला कोणी नीट सांगितलेलंच नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई. डॉक्टर नाही, नर्स नाही. पण माप, वजन आणि भाव या तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवायचे, हे अडतीच्या घरात सून म्हणून आल्यावर शिकले. म्हणून हा इतिहास हिशोबाच्या वहीसारखा मांडते. यात आमच्या घरच्या दोन नोंदीही आहेत. एक माझ्या सासूबाईंची आणि एक माझ्या स्वतःच्या चुकीची.

हाली रुपया आणि कलदार रुपया

सुरुवात गेवराईपासूनच करू. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं नाणं वेगळं होतं, त्यावर चारमिनार होता. त्याला हाली म्हणत. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. दोघांनाही तोंडाने 'रुपया'च म्हणायचं, पण किंमत एक नव्हती. १०० कलदार घ्यायचे तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. म्हणजे सात हाली बरोबर सहा कलदार. आजेसासऱ्यांच्या जुन्या वह्यांत प्रत्येक रकमेपुढे 'हाली' की 'कलदार' हे लिहिलेलं असायचं. सासूबाई सांगायच्या, नुसता 'रुपये शंभर' असा आकडा कोणी लिहिला तर मामाजी वही परत करायचे. म्हणायचे, "आकडा लिहिलास, कशाचा ते नाही लिहिलंस. हा हिशोब नाही, हे भांडण आहे."

इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघेचं अगदी तसंच आहे. एका सिरिंजवरची वीसची रेघ आणि दुसऱ्या सिरिंजवरची वीसची रेघ, दोन्हीकडे वीसच लिहिलेलं, पण आत मावणारं औषध वेगळं. कोणती रेघ, हे विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

युनिट जन्माला कसं आलं

मधुमेह आपल्याकडे जुना आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत प्रमेह आणि मधुमेह ही नावं आहेत. लघवीला मुंग्या लागतात ही खूण वैद्यांना ठाऊक होती. पण शंभर वर्षांपूर्वीपर्यंत लहान मुलाला हे दुखणं झालं की उपाय नव्हता. परदेशी डॉक्टर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने ढकलत.

१९२१ साली कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला. अर्क गढूळ होता, फारसा उपयोग झाला नाही, टोचल्या जागी गळू झालं. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा टोचला आणि मुलाची साखर उतरली. पुढच्या वर्षी बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल मिळालं. पेटंटचे हक्क विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकले होते. मिळवायचं ठरवलं असतं तर कोट्यवधी मिळाले असते. आपण अपरिग्रह म्हणतो, त्याची आठवण होते.

आता हिशोबाचा प्रश्न आला. हे औषध मोजायचं कसं? आज काढलेला अर्क कडक, उद्याचा फिका. दोन्हीचं वजन सारखं, पण काम वेगळं. सोन्याचं उदाहरण घ्या. नुसतं 'एक तोळा' म्हणून भागत नाही, कस विचारावा लागतो. इन्सुलिनचा कस पाहायला तेव्हा कसोटीचा दगड नव्हता. म्हणून शास्त्रज्ञांनी एका मुक्या जिवाला कसोटी केलं. दोन किलो वजनाचा ससा चोवीस तास उपाशी ठेवायचा, त्याला अर्क टोचायचा, आणि त्याची साखर झटके येण्याइतकी, म्हणजे ४५ पर्यंत उतरवायला जेवढा अर्क लागेल ते एक युनिट. माणसासाठी हे माप फार मोठं ठरलं, म्हणून नंतर त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे एक युनिट असं ठरलं.

मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपण उपवास स्वतःच्या इच्छेने करतो, त्या सशाला कोणी विचारलं नव्हतं. पण जे झालं ते लिहायला हवं. आज आपण 'वीस युनिट' म्हणतो त्या शब्दाच्या तळाशी तो ससा आहे.

देशोदेशी ससे वेगळे, खाणं वेगळं, म्हणून युनिटही वेगळं होऊ लागलं. मग राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाने पुढाकार घेतला आणि १९२५ साली पहिलं आंतरराष्ट्रीय माप ठरलं. सुक्या इन्सुलिनची एक नमुना भुकटी लंडनला जपून ठेवली आणि तिच्या एका मिलिग्रॅममध्ये ८ युनिट असं जाहीर झालं. दुकानात सरकारी शिक्क्याचं वजन असतं ना, तसं. पुढे इन्सुलिन शुद्ध होत गेलं. १९३५ च्या नमुन्यात एका मिलिग्रॅमला २२ युनिट भरली. आजच्या शुद्ध ह्यूमन इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमला जवळजवळ २९ युनिट. वजन कमी होत गेलं, पण युनिटचं काम तेच राहिलं. कस वाढला की तोळे कमी लागतात, तसंच हे. आता हा कस मुख्यतः यंत्रावर, रासायनिक रीतीने मोजतात.

सासूबाईंची नोंद

आता जे लिहिते ते आमच्या घरात फार दिवस कोणी बोललं नाही.

१९८४ साली सासूबाईंची साखर गोळ्यांना आवरेना. औरंगाबादच्या डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. घरी आल्यावर त्यांनी औषधाचं खोकं माझ्या हातात दिलं. "तू शिकलेली आहेस, हे कशाचं आहे ते वाच." मी इंग्रजी वाचलं आणि गप्प बसले. त्यावर बोव्हाइन लिहिलं होतं. म्हणजे गोवंशाचं.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. दुसरं काही विचारलं नाही. खोकं परत केलं. सासऱ्यांनी समजावलं, डॉक्टर रागावले, एका साध्वीजींनीही देह जपण्याबद्दल सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "मी कोणाला घेऊ नका म्हणत नाही. माझ्या हातून होणार नाही." पुढच्या वर्षी त्यांच्या पायाची जखम चिघळली, पाऊल काढावं लागलं. १९८६ मध्ये त्या गेल्या.

हे सांगून मी त्यांची बाजू घेत नाही आणि त्यांना दोषही देत नाही. तेव्हाची वस्तुस्थिती काय होती तेवढं सांगते. साठ वर्षं जगातलं जवळजवळ सगळं इन्सुलिन कत्तलखान्यातल्या गायी-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून येत होतं. आठ औंस शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून जास्त अवयव लागत. मी याचा हिशोब करून पाहिला. आठ औंस म्हणजे २२७ ग्रॅम. मिलिग्रॅमला २५ युनिट धरली तर साधारण ५७ लाख युनिट. रोज ४० युनिट घेणाऱ्या माणसाला वर्षाला १४,६०० लागतात. म्हणजे दोन टनांत सुमारे ३९० माणसांचं एक वर्ष निघतं. एका माणसाच्या वाट्याला वर्षाला साडेचार-पाच किलो. बाईंना हा आकडा ठाऊक नव्हता, पण अंदाज होता.

याला दुसरी बाजूही आहे, ती न लिहिणं खोटेपणा होईल. याच औषधाने त्या साठ वर्षांत लाखो लेकरं वाचली.

आणि दैव कसं असतं पाहा. बाईंनी खोकं परत केलं त्याच्या दोन वर्षं आधी, ऑक्टोबर १९८२ मध्ये, अमेरिकेत प्राण्यांचं स्वादुपिंड न वापरता केलेल्या इन्सुलिनला परवानगी मिळाली होती. माणसाच्या शरीरात इन्सुलिन बनवणारी जी आज्ञा असते ती प्रयोगशाळेत रचून सूक्ष्म जिवाणूत घातली, आणि जिवाणू ते बनवू लागला. हे काम १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात जमलं होतं. पुढे काही कंपन्यांनी जिवाणूऐवजी यीस्ट वापरलं. पण १९८४ च्या गेवराईत आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

ह्यूमन म्हणजे माणसाचं नव्हे

इथे एक गैरसमज काढते. खोक्यावर 'ह्यूमन इन्सुलिन' वाचून आपल्या एक काकीजी घाबरल्या होत्या, की हे माणसाच्या शरीरातून काढलं की काय. तसं नाही. रचना माणसाच्या इन्सुलिनसारखी, म्हणून ते नाव. माणसातून काहीही काढलेलं नसतं.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे २००३ साली वोक्हार्ट या मुंबईच्या कंपनीने भारतात बनवलेलं ह्यूमन इन्सुलिन बाजारात आणलं, 'वोसुलिन' नावाने, आणि त्यांचा कारखाना आपल्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला. शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडून दोन-अडीच तासांचा रस्ता. ज्या शहरातून बाईंनी ते खोकं आणलं होतं, त्याच शहरात एकोणीस वर्षांनी यीस्टपासून इन्सुलिन बनू लागलं. त्या रस्त्याने गाडी जाते तेव्हा आजही माझा जीव हळहळतो.

सूक्ष्म जिवांचं काय, असं तुम्ही विचाराल. पंचेंद्रिय जीव आणि सूक्ष्म जीव यांत आपला धर्म भेद करतो, पण जीव तो जीवच. त्यावर निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी महाराज साहेबांना विचारावं.

आणखी एक गोष्ट मी लपवणार नाही. साधं इन्सुलिन लवकर उतरतं. ते अंगात हळूहळू मिसळावं म्हणून १९३६ साली डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी त्यात प्रोटामिन घातलं. ते ट्राउट माशापासून मिळवलेलं होतं. आजही दुधासारखं दिसणारं, हलवून घ्यायचं जे इन्सुलिन आहे, ३०/७० वगैरे, त्यात प्रोटामिन असतं. ज्यांच्या मनाला हे लागेल त्यांनी इन्सुलिन बंद करू नये. डॉक्टरांना सरळ विचारावं. ग्लार्जिनसारखी प्रोटामिन नसलेली, हळू काम करणारी इन्सुलिनं आता मिळतात, जरा महाग पडतात. बदल डॉक्टरच करतील, आपण नाही. बाईंच्या वेळी पर्याय नव्हता, आज आहे. तो माहीत असावा म्हणून लिहिलं.

चाळीस आणि शंभर कुठून आले

आता मूळ प्रश्नाकडे. बाटलीवरचा ४० म्हणजे काय?

सुरुवातीला, १९२३ च्या सुमारास, एका मिलिलिटर पाण्यात १० किंवा २० युनिट असत. ज्याला जास्त लागे त्याला पिचकारीभर टोचून घ्यावं लागे. म्हणून पुढे ४० आणि ८० ची कडक इन्सुलिनं आली. औषध तेच, पाणी कमी.

आणि इथे गोंधळ सुरू झाला. इंग्लंडमध्ये सिरिंज एकच होती, एका मिलिलिटरला २० रेघा. २० च्या औषधाला एक रेघ म्हणजे एक युनिट, ४० च्या औषधाला दोन, ८० च्या औषधाला चार. पेशंट 'आठ रेघा' म्हणायचा आणि डॉक्टर 'आठ युनिट' समजायचा. हाली-कलदारचंच भांडण! अमेरिकेत एकाच सिरिंजवर दोन बाजूंना दोन मोजपट्ट्या असत आणि लोक चुकीच्या बाजूने वाचत. शेवटी अमेरिकेत १९७३ पासून आणि इंग्लंडमध्ये १९८३ पासून सगळ्यांसाठी १०० ची एकच ताकद आणायचं ठरलं. आपल्याकडे १९५७ साली आणे-पै जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला, तसा हा बदल. शंभराचा हिशोब सोपा.

पण आपल्या देशात हे काम अर्धवट राहिलं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन अजून बरंचसं ४० चं, आणि पेनातलं १०० चं. घरात दोन्ही असतात. २०० आणि ३०० ची पेनंही निघाली आहेत.

सरबताने समजून घ्या. दोन सारखे तांबे घ्या. पहिल्यात दोन चमचे साखर, दुसऱ्यात पाच चमचे. पाणी दोन्हीत तेवढंच. पहिला तांब्या म्हणजे यू-४०, दुसरा म्हणजे यू-१००. साखरेचा चमचा, म्हणजे युनिट, दोन्हीकडे तोच. पण एक चमचा साखर पोटात जायला पहिल्या तांब्यातला अर्धा तांब्या प्यावा लागेल आणि दुसऱ्यातला फक्त पाचवा हिस्सा. तसंच, एक युनिट यू-४० मधून घ्यायचं तर ०.०२५ मिलिलिटर आणि यू-१०० मधून घ्यायचं तर ०.०१ मिलिलिटर. डॉक्टर युनिट सांगतात, मिलिलिटर नाही. मिलिलिटरचं काम सिरिंज करते, पण ती सिरिंज त्या बाटलीची जोडीदार असली तरच.

म्हणून टोपणांना रंग दिले. यू-४० च्या सिरिंजला लाल टोपण, यू-१०० च्या सिरिंजला केशरी. जोडी चुकली तर काय होतं त्याचा हा हिशोब :

यू-४० ची बाटली आणि केशरी टोपणाची सिरिंज, वीसच्या रेघेपर्यंत : ०.२ मिलिलिटर गुणिले ४० बरोबर ८ युनिट. वीसऐवजी आठ.

यू-१०० चं औषध आणि लाल टोपणाची सिरिंज, वीसच्या रेघेपर्यंत : ०.५ मिलिलिटर गुणिले १०० बरोबर ५० युनिट. वीसऐवजी पन्नास.

दोन्हीकडे फरक अडीचपटीचा. पहिल्या चुकीत साखर चढते, दुसरीत माणूस रात्रीतून जाऊ शकतो.

माझी नोंद

एवढं सगळं मला कळतं, कारण मी चुकले आहे.

२०११ चं वर्ष. पर्युषणाच्या आधी आम्ही नातेवाइकांकडे आठ दिवस परगावी गेलो होतो. ह्यांचं संध्याकाळचं इन्सुलिन वीस युनिट, बाटली यू-४० ची. बाटली आठवणीने नेली, सिरिंजा विसरले. तिथल्या एका मेडिकलमधून आणवल्या. टोपण केशरी होतं. मला वाटलं, कंपनी वेगळी असेल. वीसच्या रेघेपर्यंत भरलं आणि टोचलं. म्हणजे आठच युनिट गेलं.

साखर चढायला लागली. मी पाहुणचाराला दोष दिला, ह्यांना दोन शब्द ऐकवलेही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी चार वाढवायला सांगितलं, मग आणखी चार. मी अठ्ठावीसच्या रेघेपर्यंत भरू लागले. खरं तर अकराच्या आसपासच जात होतं. डॉक्टरांचं काही चुकलं नाही, त्यांना टोपणाचा रंग कुठे दिसत होता?

घरी आलो. कपाटात नेहमीच्या लाल टोपणाच्या सिरिंजा होत्या. मी अठ्ठावीस भरलं. आता खरोखरचं अठ्ठावीस गेलं, आदल्या दिवसाच्या अडीचपट. त्या दिवशी ह्यांनी सूर्यास्ताच्या आधी थोडंसंच खाऊन चौविहाराचं पच्चक्खाण घेतलं होतं.

रात्री दोनला जाग आली ती ह्यांच्या हलण्याने. अंग घामाने चिंब, हात थरथरत होते, शब्द नीट येत नव्हते. मी पाण्यात साखर ढवळून आणली. ह्यांनी तोंड फिरवलं. अर्धवट शुद्धीतही 'चौविहार' एवढं म्हणाले. त्या क्षणी मला बाई आठवल्या. तेच तोंड फिरवणं! मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्यावर ओरडले, "आगार आहे! प्या!" आणि पाजलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाजलं. अर्ध्या तासाने मला ओळखून ते म्हणाले, "काय झालं गं?"

सकाळी मी दोन्ही सिरिंजा शेजारी ठेवल्या तेव्हा सगळं लक्षात आलं. दुकानदाराने सिरिंज दिली होती, मी वाचली नव्हती. वहीत आकडा लिहिला, 'कशाचा' ते लिहिलं नाही. आजेसासऱ्यांनी वही परत केली असती.

पुढे मी साध्वीजींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे समजावलं. पच्चक्खाण देताना आपण जे आगार म्हणतो, त्यात 'सव्वसमाहिवत्तियागारेणं' हा शब्द रोज आपल्या तोंडून जातो. जीव घाबरा करणारं दुखणं आलं आणि समाधी ढळायला लागली तर औषध घेण्याची ती सवड आहे. ज्यांनी नियम घातला त्यांनीच ही सवड ठेवली. आपण ती पाठ म्हणतो, पण वेळेला आठवत नाही.

वहीत लिहून ठेवा

आता गृहिणीच्या भाषेत, थोडक्यात.

बाटली आणि सिरिंज हातात घेतली की दोन्हींवरचा आकडा मोठ्याने वाचा. चाळीसला चाळीस, शंभरला शंभर. ४० ला लाल, १०० ला केशरी. आकडा आणि रंग दोन्ही जुळले तरच सुई उघडा.

पेनातल्या काडतुसातून सिरिंजने औषध कधी ओढू नका. त्यात १०० चं किंवा त्याहून कडक औषध असतं. पेनाला पेनाचीच सुई.

गावाला जाताना सिरिंजा बाटलीसोबत एकाच डबीत ठेवा. नवीन आणल्या तर जुनीशेजारी ठेवून पाहा. साखर अचानक चढली किंवा उतरली, तर डॉक्टरांना फोन करताना सिरिंजच्या टोपणाचा रंगही सांगा.

बाटली किती दिवस पुरायला हवी याचा हिशोब करा. चारशे युनिट, रोज चाळीस, म्हणजे दहा दिवस. बाटली पंचवीस दिवस चालली तर कुठेतरी रेघ चुकते आहे. आमच्या बाटलीत त्या आठ दिवसांत औषध जास्त शिल्लक राहिलं होतं. मी पाहिलं असतं तर तिथेच चूक सापडली असती.

उपवास, आयंबिल, एकासणं किंवा चौविहार करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवा. न खाता नेहमीचा डोस घेणं आणि मनाने डोस बंद करणं, दोन्ही धोक्याचं. उशाशी साखर ठेवा. माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

त्या वहिनींच्या घरी मी परवा जाऊन आले. त्यांच्या फ्रीजच्या दारावर आता एक कागद आहे. त्यावर त्यांच्या नातीने लाल स्केचपेनने टोपण काढलंय आणि खाली लिहिलंय, "बाटली ४०, सिरिंज ४०, आजोबा २०". मी म्हटलं, "वहिनी, ही खरी खतावणी." त्यांनी चहा टाकला, ह्यावेळी साखर न घालता.

तुमच्या घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर आज संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आधी, एकदा डबी उघडा आणि टोपणाचा रंग पाहा. एवढंच मागणं आहे.

जय जिनेंद्र.